रंगाचा थर आणि कुंचल्याचा फटकारा

प्रास्ताविक

चित्र पाहताना प्रथम लक्ष जाते ते चित्रात काय दाखवले आहे याकडे. बाई आहे की पुरुष, चेहरा हसरा आहे की उदास, अंगावर कोणती वस्त्रे आहेत, असे प्रश्न मनात येतात. परंतु चित्र ही एक वस्तूही असते. कापडावर किंवा फळीवर रंग नावाचा पदार्थ कुणीतरी हाताने लावलेला असतो. तो पातळ आहे की जाड, सपाट आहे की उंचसखल, त्यात कुंचल्याच्या खुणा दिसतात की पुसल्या आहेत, यावर चित्रातील माणसाचे रूप बरेचसे अवलंबून असते. प्रस्तुत पाठात तैलरंगाच्या जाड थराचा आणि दिसणाऱ्या फटकाऱ्यांचा मानवाकृतीवर काय परिणाम होतो, याचा परिचय करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही —
• तैलरंगाचे गुणधर्म सांगू शकाल;
• गुळगुळीत रंगकाम आणि जाड रंगलेपन यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• हुसेन, सूझा आणि अमृता शेरगिल यांच्या रंगकामाची तुलना करू शकाल;
• एखादे मूळ चित्र जवळून व दुरून पाहून त्याविषयी आपले मत लिहू शकाल.

मूळ पाठ

१. छापील चित्र आणि आजीचे उत्तर

अशी कल्पना करा, की दिल्लीच्या द्वारका उपनगरात राहणारी एक मराठी मुलगी घरी अभ्यास करीत बसली आहे. समोर पुस्तक उघडे आहे आणि पानावर तळहाताएवढे एक रंगीत चित्र छापलेले आहे. चित्रात एक स्त्री आहे. पण तिच्या गालावर रंगाचे पट्टे दिसतात, हाताची बोटे नीट मोजता येत नाहीत, आणि वस्त्राच्या जागी नुसतेच रंगाचे ओरखडे आहेत.

"आजी, हे चित्र अर्धवट राहिलंय का गं? रंग नीट सारखासुद्धा केलेला नाही," ती विचारते.

आजी साताऱ्याकडच्या खेड्यात वाढलेली. ती चष्मा लावून चित्र पाहते आणि म्हणते, "आमच्या घरी सारवायचे, तेव्हा जमिनीवर बोटांच्या कमानी उमटायच्या. कुणी सारवलंय ते त्या कमानींवरून ओळखू यायचं. माझ्या आईचा हात मोठा होता. तिच्या कमानी लांबरुंद असायच्या. त्याला कुणी अर्धवट म्हणत नसे."

मुलीच्या शंकेचे उत्तर यात पूर्ण मिळाले असे नाही. पण शोधाची दिशा मिळाली. हाताची खूण राहिली म्हणजे काम कच्चे राहिले असे नव्हे. ती खूण का ठेवली आणि तिने काय साधले, हे पाहावे लागते. द्वारकेत जागोजागी इमारतींना गिलावा होताना दिसतो. गवंडी थापीने भिंत गुळगुळीत करतो, तेव्हा त्याचा हात भिंतीत नाहीसा होतो. थापीचे वळ तसेच ठेवले, तर भिंतीवर त्याच्या हाताची गती राहते. चित्रकारापुढेही हेच दोन मार्ग असतात.

२. तैलरंगाचा स्वभाव

रंगाची बारीक पूड सुकणाऱ्या तेलात, बहुधा जवसाच्या तेलात, घोटली म्हणजे तैलरंग तयार होतो. जलरंगातील पाणी उडून जाते आणि रंग कागदावर बसतो. तैलरंगाचे तसे नसते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होते. त्यामुळे पाण्याप्रमाणे ते आटत नाही. कुंचल्याने जो उंचवटा उभा केला, तो बहुतांशी तसाच टिकतो. कुंचल्याच्या एकेका केसाची रेघसुद्धा वाळलेल्या रंगात वर्षानुवर्षे दिसत राहते.

हा रंग सावकाश वाळतो. पातळ थराला काही दिवस पुरतात. जाड थर आतून वाळायला महिने, कधी वर्षेही लागतात. वरची साय आधी धरते आणि आतला रंग मऊ राहतो. म्हणून जाड रंग लावणाऱ्याला काही पथ्ये पाळावी लागतात. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात अधिक, हा त्यांतला जुना नियम. तो मोडला, तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो, आणि चित्राला भेगा पडतात. तेल प्रमाणाबाहेर झाले, तर पृष्ठभागावर सुरकुत्या येतात.

रंगाचा असा जाड, उंचसखल लेप देण्याच्या पद्धतीला इटालियन भाषेतून आलेला 'इम्पॅस्टो' हा शब्द रूढ आहे. मराठीत तिला जाड रंगलेपन म्हणता येईल. त्यासाठी डुकराच्या राठ केसांचे कुंचले किंवा धातूच्या लवचीक पात्याची रंगसुरी वापरतात. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने रंगासाठी धातूची दाबता येणारी नळी शोधून काढली. त्यामुळे तयार घट्ट रंग सहज उपलब्ध झाला आणि जाड रंगकाम करणे पुष्कळ सोपे झाले.

३. गुळगुळीत चित्रांची परंपरा

महाराष्ट्रात तैलरंगाचे रीतसर शिक्षण रुजले ते मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयामुळे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत युरोपीय पद्धतीचे वास्तवदर्शी चित्रण शिकवले जाई. शरीररचना अचूक हवी, छायाप्रकाश पायरीपायरीने मिसळलेला हवा, असा आग्रह असे. त्याच काळात राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांची तैलचित्रे लोकप्रिय झाली. त्यांच्या चित्रांतील रेशमी साडीचा काठ, मोत्याची चमक, गालावरची लाली पाहताना रंगाचा विसर पडतो. साडीच दिसते, मोतीच दिसतो. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईला शिळाछापखाना सुरू केला आणि त्यातून त्यांची चित्रे घरोघरी पोहोचली. 'चांगले चित्र म्हणजे गुळगुळीत चित्र' ही समजूत दृढ होण्यास अशा छापील तसबिरींचाही हातभार लागला असावा; कारण छपाईत रंगाला जाडी उरतच नाही.

या पद्धतीत कौशल्य कमी नाही. त्वचेची एक छटा दुसरीत इतकी बेमालूम मिसळणे अवघडच असते. परंतु तेथे रंगाने स्वतःला लपवायचे असते. जाड रंगलेपनात रंग स्वतःला लपवत नाही.

४. जाड थर आकृतीला काय देतो?

पहिली गोष्ट म्हणजे प्रकाश. गुळगुळीत चित्रातील प्रकाश रंगवलेला असतो. जाड थरावर खोलीतील खराखुरा प्रकाश पडतो. उंचवट्याची कड उजळते आणि तिची बारीकशी सावली शेजारी पडते. चित्रासमोर दोन पावले सरकले, की ही चमक बदलते. डच चित्रकार रेम्ब्राँट (१६०६–१६६९) हे रहस्य जाणत होता. तो सावलीचे भाग पातळ ठेवी आणि कपाळ, नाक, बाही अशा उजळ जागी रंग जाड चढवी. त्याच्या 'ज्यू वधू' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रातील पुरुषाची सोनेरी बाही जवळून पाहिली, तर रंगाचे खडबडीत ढेकूळच दिसते. काही पावले मागे गेले, की तेच ढेकूळ भरजरी वस्त्र होते.

दुसरी गोष्ट म्हणजे दिशा. फटकारा गालाच्या गोलाईबरोबर फिरला, तर गाल भरीव वाटतो. गोलाईला आडवा गेला, तर चेहरा दगडातून फोडल्यासारखा दिसतो. उभ्या फटकाऱ्यांनी आकृती ताठ होते, तिरप्या फटकाऱ्यांनी ती डळमळते. चित्रातली व्यक्ती निश्चल बसलेली असली, तरी तिच्या अंगावरून रंग कोणत्या वेगाने गेला हे दिसते, आणि तो वेग पाहणाऱ्याला जाणवतो.

तिसरी गोष्ट म्हणजे अंतर. असे चित्र जवळून रंग असते आणि दुरून माणूस. पाहणारा पुढे-मागे होत राहतो आणि रंगाचा माणूस कुठे होतो ती जागा शोधू लागतो. गुळगुळीत चित्र आकृती तयार करून हाती देते. येथे ती पुरी करण्याचे थोडे काम पाहणाऱ्याकडे येते.

चौथी गोष्ट म्हणजे देह. रंगाला वजन असते. ब्रिटिश चित्रकार लुसिअन फ्रॉइड (१९२२–२०११) याने शिशाचे प्रमाण अधिक असलेला जड पांढरा रंग मानवी त्वचेसाठी वापरला. त्याच्या चित्रांतील कातडी थकलेली, वय झालेली, लोंबणारी वाटते, त्यात त्या रंगाच्या दाट, दाणेदार थराचा वाटा मोठा आहे.

पाठगत प्रश्न — १

योग्य पर्याय निवडा.
(अ) जवसाचे तेल घट्ट होते, कारण ते — (१) आटते (२) प्राणवायू शोषते (३) गोठते.
(आ) रेम्ब्राँट रंगाचा जाड थर मुख्यतः — (१) सावलीत (२) पार्श्वभूमीत (३) उजळ भागात देत असे.

५. फलकाकडून चित्राकडे : मकबूल फिदा हुसेन

पंढरपूर येथे १९१५ मध्ये जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत उमेदवारीच्या काळात सिनेमाचे भव्य फलक रंगवले. रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्याला नायिकेचा चेहरा कळला पाहिजे, ही त्या कामाची अट. तेथे पापणीचा केस रंगवून उपयोग नसे. एक रुंद, निश्चित फटकारा हवा असे. हात सबंध खांद्यापासून फिरवावा लागे. पुढे त्यांच्या चित्रांत जी ठाम रेषा आणि जे रुंद रंगपट्टे दिसतात, त्यांच्यामागे या मेहनतीचे संस्कार होते असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

१९५५ मध्ये ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात हुसेन यांच्या 'जमीन' या चित्राला पुरस्कार मिळाला. हे आडवे, लांबरुंद चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. ग्रामजीवनातील माणसे, जनावरे आणि वस्तू त्यात शेजारीशेजारी मांडल्या आहेत. त्यांच्या या काळातील चित्रांत रंग घोटून गुळगुळीत केलेला नसतो. तो थापलेला, खरवडलेला, मातीच्या भिंतीसारखा राठ असतो. अशा पृष्ठभागावर उभी राहिलेली शेतकरी स्त्री नाजूक दिसतच नाही. ती ज्या मातीत राबते, त्याच मातीची झालेली वाटते. चित्राचा विषय आणि रंगाचा पोत येथे एकमेकांना साहाय्य करतात.

६. काळ्यावर काळे : फ्रान्सिस न्यूटन सूझा

गोव्यातील साळगाव येथे १९२४ मध्ये जन्मलेले सूझा लहानपणीच आईबरोबर मुंबईला आले. आई शिवणकाम करून घर चालवी. सर जे. जे. कला विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. परंतु १९४५ मध्ये शिक्षण अपुरे टाकून त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. १९४७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन झाला. सय्यद हैदर रझा, हुसेन, कृष्णाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे हे त्यातील इतर सदस्य. व्हिएन्नाहून मुंबईत आश्रयाला आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांचे प्रोत्साहन या तरुणांना लाभले. त्यांच्या घरी युरोपातील नव्या चित्रकलेवर चर्चा चालत. गुळगुळीत शालेय चित्रणाबाहेरही जग आहे, हे त्या चर्चांतून या तरुणांना दिसले.

१९४९ मध्ये सूझा लंडनला गेले. तेथील त्यांच्या चित्रांत जाड काळ्या रेषांनी बांधलेले चेहरे दिसतात. डोळे कपाळात गेलेले, दात करवतीसारखे, आणि रंग सुरीने ओरबाडल्यासारखा. लंडनच्या टेट संग्रहालयात असलेल्या त्यांच्या १९५९ मधील 'क्रुसिफिक्शन' या चित्रात क्रूसावरील ख्रिस्त कोमल, शांत नाही. काळ्या, टोकदार रेषांनी त्याचे शरीर काटेरी झाले आहे. ज्या वेदनेचे चित्र काढायचे, ती मऊ रंगात काढली असती तर ती सुंदर दिसली असती. येथे ती बोचते.

यापुढचा प्रयोग अधिक धाडसाचा होता. १९६६ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत सूझांनी जी चित्रे मांडली, त्यांतील अनेक चित्रे संपूर्ण काळी होती. काळ्या रंगावर काळ्याच रंगाचे जाड फटकारे. समोरून पाहणाऱ्याला प्रथम नुसता काळा पृष्ठभाग दिसतो. बाजूने प्रकाश आला किंवा पाहणारा थोडा सरकला, की फटकाऱ्यांच्या कडा चमकतात आणि त्यांतून एखादा चेहरा, एखादी मानवाकृती बाहेर येते. येथे रंगभेद नाही, रंगवलेला छायाप्रकाश नाही. आकृती उभी आहे ती केवळ थराच्या उंचीवर आणि फटकाऱ्याच्या दिशेवर. थर सपाट केला, तर चित्रातील माणूसच नाहीसा होईल. जाड रंगलेपन ही वरवरची सजावट नसून ती आकृतीची घडण असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. पुस्तकाच्या पानावर ही चित्रे जवळजवळ मुकी होतात, यात नवल नाही.

७. दुसरी बाजू : अमृता शेरगिल

मात्र यावरून 'जाड तेच श्रेष्ठ' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अमृता शेरगिल (१९१३–१९४१) यांचे उदाहरण याबाबतीत उद्बोधक आहे. त्यांचे कलाशिक्षण पॅरिसमध्ये झाले. १९३२ मधील त्यांच्या 'तरुणी' या चित्राला १९३३ मध्ये तेथील ग्रँड सलोंचा सन्मान मिळाला. त्यात बसलेल्या दोन तरुणींच्या देहाची गोलाई, वस्त्रांचा पोत आणि खोलीतील प्रकाश युरोपीय पद्धतीने घडवला आहे.

१९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या. १९३५ मध्ये त्यांनी 'तीन मुली' हे चित्र रंगवले, आणि १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. दरम्यान १९३६ मध्ये त्या मुंबईला प्रदर्शनासाठी आल्या असता अजिंठ्याला गेल्या. अजिंठ्याच्या भिंतींवर तैलरंग नाही आणि रंगाचे ढीगही नाहीत. ठाम बाह्यरेषा आणि शांत रंगक्षेत्रे यांतून तेथील माणसे उभी राहतात. हा प्रवास पुढे दक्षिणेत गेला, आणि १९३७ मध्ये 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि 'बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय ग्रामस्थ' ही तीन चित्रे आकाराला आली. 'ब्रह्मचारी' या चित्रात पांढऱ्या वस्त्रांतील मुले शांत बसली आहेत. रंग तैलरंगच आहे. पण फटकाऱ्याने आवाज उतरवला आहे. मोठी, एकसंध रंगक्षेत्रे आकृतींना स्थैर्य देतात. येथे सूझांसारखे ओरखडे आले असते, तर त्या मुलांचे मौन मोडले असते.

थर जाड असो वा पातळ, तो चित्रातील माणसाला अनुरूप आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. केवळ छाप पाडण्यासाठी चढवलेला जाड रंग आणि केवळ सवयीने गुळगुळीत केलेला रंग हे दोन्ही सारखेच निर्जीव असतात.

८. मूळ चित्रासमोर

द्वारकेहून निळ्या मार्गिकेच्या मेट्रोने मंडी हाउसपर्यंत आणि तेथून पुढे इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसला जाता येते. जयपूरच्या महाराजांसाठी बांधलेल्या या वास्तूत १९५४ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी त्याची शाखा मुंबईच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून आहे. संग्रहातील सर्वच चित्रे एका वेळी मांडलेली नसतात. परंतु जी असतील ती पाहण्याची रीत एकच.

प्रथम दूर उभे राहून सबंध आकृती पाहावी. नंतर हात न लावता, दोरीच्या अलीकडून, शक्य तितके जवळ जावे आणि आकृती विसरून केवळ रंग पाहावा. मग चित्राच्या बाजूला उभे राहून थराच्या कडा पाहाव्यात. कुंचला कोठून निघाला, कोठे दाबला गेला, कोठे उचलला गेला, हे शोधावे. शेवटी पुन्हा दूर जावे. पहिल्या वेळी पाहिलेला माणूस आणि आता दिसणारा माणूस यांत फरक पडलेला असतो.

आरंभी उल्लेखलेली मुलगी आजीला घेऊन तेथे गेली, तर कोणत्यातरी चित्रासमोर तिला पुस्तकातील पट्टे पुन्हा दिसतील. आता ते पट्टे उंच असतील, त्यांच्या कडा चमकत असतील. चित्रकार कदाचित हयात नसेल. पण त्याचा मनगटाचा झोका रंगात तसाच थांबलेला असेल. आणि बाजूला उभी असलेली आजी बहुधा त्या फटकाऱ्यांच्या कमानींवरून हात लहान होता की मोठा, याचाच अंदाज घेत असेल.

पाठगत प्रश्न — २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सूझांची १९६६ मधील काळी चित्रे छापील पानावर नीट का दिसत नाहीत?
(आ) अजिंठ्याच्या भेटीनंतर शेरगिल यांच्या चित्रांत कोणता बदल ठळक झाला?

तुम्ही काय शिकलात?

• तैलरंग सावकाश घट्ट होतो आणि कुंचल्याची खूण टिकवून ठेवतो.
• जाड थरावर खरा प्रकाश पडतो. फटकाऱ्याची दिशा आकृतीला भरीवपणा, गती किंवा कठोरता देते.
• हुसेन यांच्या चित्रांत पोत विषयाला पूरक ठरतो. सूझांच्या काळ्या चित्रांत तोच आकृती घडवतो.
• शेरगिल यांच्या चित्रांत संयत फटकारा शांतता निर्माण करतो.

शब्दार्थ

कुंचला — रंग लावण्याचा ब्रश. पोत — पृष्ठभागाची घडण, स्पर्शाने जाणवणारे रूप. बेमालूम — कळणार नाही असे. शिळाछाप — दगडावरून केलेली छपाई. संयत — आवरलेला, मर्यादित. उद्बोधक — नवे ज्ञान देणारा.

स्वाध्याय

१. सारवण, गिलावा आणि जाड रंगलेपन यांतील साम्य आठ-दहा ओळींत लिहा.
२. 'जाड तेच श्रेष्ठ असे नाही', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. हुसेन आणि सूझा यांच्या रंगकामातील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
४. 'फटकाऱ्याने आवाज उतरवला आहे' या वाक्यातील अर्थसौंदर्य स्पष्ट करा.
५. उपक्रम : जवळच्या संग्रहालयातील, शाळेतील किंवा मंदिरातील एखादे हाताने रंगवलेले चित्र दुरून, जवळून व बाजूने पाहा. प्रत्येक वेळी काय दिसले याची नोंद करा. शक्य असल्यास घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीलाही बरोबर न्या आणि त्यांचे मतही लिहून घ्या.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) प्राणवायू शोषते. (आ) उजळ भागात.
२. (अ) त्यांतील आकृती थराच्या उंचीवर पडणाऱ्या प्रकाशानेच दिसते आणि छपाईत ती उंची उरत नाही. (आ) मोठी, एकसंध रंगक्षेत्रे आणि संयत फटकारा.